आकडा एकच, मांडणी दोन : संगणकाचा बाइटक्रम कसा ओळखावा

हुबळीच्या बाजारपेठेत मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा कित्येक पिढ्या शेजारी नांदत आल्या आहेत. धारवाड जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. पण भाषांचे हे शेजारपण राज्यांच्या सीमांवर कधीच अवलंबून नव्हते. कानडीचे थोर कवी द. रा. बेंद्रे हे याच धारवाडचे, आणि त्यांच्या घरची भाषा मराठी.

या दोन भाषांच्या आकडे उच्चारण्याच्या रीतीत एक भेद आहे, तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मराठी माणूस २५ या आकड्याला 'पंचवीस' म्हणतो. त्यात पाच आधी येतात, वीस मागून. कानडी माणूस त्याच आकड्याला 'इप्पत्तैदु' म्हणतो. त्यात वीस आधी, पाच मागून. कागदावर दोघेही २५ असेच लिहितात, म्हणून व्यवहार अडत नाही. परंतु ज्याला मराठी नुकतीच कळू लागली आहे अशा कारकुनाने ऐकल्या क्रमाने अंक मांडले, तर २५ पोत्यांची ५२ पोती होतील. सांगणाऱ्याने आकडा बरोबर सांगितला, लिहिणाऱ्याने ऐकले तसेच लिहिले, आणि तरीही हिशेब चुकला. एकमेकांचा क्रम कोणता, एवढेच विचारायचे राहून गेले.

मराठीची रीत तशी पूर्णपणे सरळही नाही. 'एकशे पंचवीस' म्हणताना शतक आधी येते, मग एकक, मग दशक. संस्कृत ज्योतिषग्रंथांत आकडे शब्दांनी सांगताना एककापासून आरंभ करण्याचा नियमच होता. भास्कराचार्यांनी आपला जन्मशक सांगताना सहा, तीन, शून्य आणि एक या अर्थांचे शब्द याच क्रमाने योजले आहेत. ते उलट वाचले म्हणजे शके १०३६, अर्थात इ. स. १११४ हे वर्ष मिळते. हा नियम ज्याला ठाऊक नाही तो शके ६३०१ असे वाचील. मात्र ते वर्ष अजून उजाडलेलेच नसल्याने त्याची चूक लगेच उघडकीस येईल. सर्वच चुका इतक्या सहज उघडकीस येत नाहीत.

संगणकांच्या जगात हाच प्रश्न 'बाइटक्रम' या नावाने ओळखला जातो. हुबळीच्या बी.व्ही.बी. अभियांत्रिकी महाविद्यालयाची स्थापना १९४७ मधील. त्यानंतर धारवाडला २०१५ मध्ये भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्था आणि २०१६ मध्ये भारतीय तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. एका यंत्रासाठी लिहिलेले सॉफ्टवेअर दुसऱ्या जातीच्या यंत्रावर नेण्याचा अभ्यास ज्या विद्यार्थ्यांना करावा लागतो, त्यांच्यासमोर हा विषय हमखास येतो. परंतु त्याचे परिणाम केवळ अभियंत्यांपुरते नाहीत. कार्यालयातील नकाशे, पावसाच्या नोंदी आणि गावांची नावेसुद्धा आज बाइटांच्या रूपातच साठविलेली असतात.

थोरला बाइट, धाकटा बाइट

संगणकाच्या स्मृतीत बाइट हे एक छोटे घर समजावे. एका घरात ० पासून २५५ पर्यंतची कोणतीही एक संख्या मावते. त्याहून मोठी संख्या ठेवायची असल्यास दोन, चार किंवा आठ घरे लागतात. आपल्या दशमान पद्धतीत डावीकडच्या घराची किंमत दहापट होते. बाइटांच्या पद्धतीत ती २५६ पट होते. उदाहरणार्थ, १९५६ या संख्येत २५६ सात वेळा जातात आणि १६४ उरतात. तेव्हा ही संख्या ७ आणि १६४ अशा दोन बाइटांत बसते. ७ हा थोरला बाइट, कारण त्याची किंमत मोठी. १६४ हा धाकटा.

स्मृतीतील घरांना क्रमांक असतात. पहिल्या घरात थोरल्याला बसवावे की धाकट्याला, हा प्रश्न यंत्र घडविणाऱ्यांनी आपापल्या सोयीने सोडविला. आयबीएमच्या १९६४ मधील सिस्टिम/३६० या मालिकेने थोरल्याला पहिले स्थान दिले. मोटोरोलाच्या १९७९ मधील ६८००० या प्रोसेसरने आणि पुढे सन कंपनीच्या स्पार्कनेही तेच केले. डिजिटल कंपनीच्या १९७७ मधील व्हॅक्स यंत्राने आणि इंटेलच्या १९७८ मधील ८०८६ प्रोसेसरने धाकट्याला आधी बसविले. त्याआधीच्या पीडीपी-११ या यंत्रावर चार बाइटांची संख्या दोन जोड्यांत ठेवीत. थोरली जोडी आधी येई, पण प्रत्येक जोडीत धाकटा बाइट पुढे असे. आपल्या 'एकशे पंचवीस'चीच ती जात म्हणावयाची.

संगणकशास्त्रज्ञ डॅनी कोहेन यांनी १ एप्रिल १९८० रोजी प्रसिद्ध केलेल्या टिपणात या दोन पक्षांना 'बिग एंडियन' आणि 'लिटल एंडियन' ही नावे दिली, आणि ती रूढ झाली. जोनाथन स्विफ्टच्या १७२६ मधील गलिव्हरच्या प्रवासकथेत अंडे मोठ्या टोकाकडून फोडावे की लहान, यावरून दोन राज्ये युद्धाला उभी राहतात. नावे तेथून घेतली आहेत. कोणता क्रम श्रेष्ठ यापेक्षा कोणत्या तरी एका क्रमावर एकमत होणे महत्त्वाचे, असे कोहेन यांचे म्हणणे होते. या लेखात त्या दोन क्रमांना थोरला क्रम व धाकटा क्रम असे म्हटले आहे.

एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. यांपैकी कोणतेही यंत्र चुकत नाही. आपल्या स्मृतीत आपल्या क्रमाने ठेवलेली संख्या प्रत्येक यंत्र बरोबरच वाचते आणि बेरीज-वजाबाकीही बिनचूक करते. संख्या यंत्राबाहेर पडते, फाइलमध्ये लिहिली जाते किंवा तारेवरून दुसऱ्या यंत्राकडे जाते, तेव्हाच अडचण उभी राहते. १९५६ हे वर्ष एका यंत्राने ७, १६४ असे लिहिले आणि धाकट्या क्रमाच्या यंत्राने ते आपल्या सवयीने वाचले, तर त्याला १६४ गुणिले २५६ अधिक ७, म्हणजे ४१,९९१ ही संख्या दिसते.

पुण्यातील 'परम'चा दाखला

यंत्राचा क्रम एकदा ठरला म्हणजे संस्थेचा क्रम कायमचा ठरला, असे समजणे धोक्याचे असते. याचा उत्तम दाखला पुण्यातच आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक सादर केला. तो ट्रान्सप्युटर नावाच्या प्रोसेसरांवर उभारलेला होता आणि ट्रान्सप्युटरचा क्रम धाकटा. १९९८ मध्ये आलेला 'परम १००००' हा स्पार्क प्रोसेसरांचा, म्हणून थोरल्या क्रमाचा. २००३ मधील 'परम पद्म' हा आयबीएमच्या पॉवर-४ प्रोसेसरांचा. तोही थोरल्या क्रमाचा. आणि २००८ मधील 'परम युवा' इंटेलच्या झिऑन प्रोसेसरांचा, म्हणजे पुन्हा धाकट्या क्रमाचा. सतरा वर्षांत एकाच नावाच्या यंत्रमालिकेने क्रम दोनदा बदलला.

शास्त्रीय आकडेमोडीचे पुष्कळ कार्यक्रम फोर्ट्रान भाषेत लिहिलेले असतात आणि ते आपली माहिती अक्षररूपात न लिहिता थेट बाइटांच्या रूपात फाइलमध्ये उतरवितात. अशा फाइलीत प्रत्येक नोंदीच्या आरंभी ती नोंद किती बाइट लांब आहे ते बहुधा चार बाइटांत लिहिलेले असते. नोंद ८० बाइटांची असेल आणि फाइल विरुद्ध क्रमाच्या यंत्रावर उघडली, तर त्या यंत्राला ८० ऐवजी १,३४,२१,७७,२८० हा आकडा दिसतो. कार्यक्रम एवढी प्रचंड जागा मागू लागतो आणि बंद पडतो. जुन्या फाइली हाताळणाऱ्या अनुभवी माणसाला १३४ कोटींचा हा आकडा दिसला की फाइल बिघडलेली नसून तिचा क्रम वेगळा आहे, हे तो ओळखतो. ज्याला हे ठाऊक नसते तो फाइल खराब झाली असे समजून टाकून देण्याची भीती असते. वर्षांच्या मेहनतीने जमविलेली माहिती अशा गैरसमजापायी गमावणे हे मोठे नुकसान होय.

'धारवाड' हे नाव उलटे वाचले तर

अक्षरांनाही हा नियम लागू पडतो. १९९१ च्या भारतीय मानकात, म्हणजे इस्कीमध्ये, प्रत्येक चिन्हाला एकच बाइट होता. एकाच घराला पुढेमागे नसल्याने तेथे क्रमाचा प्रश्न उद्भवत नसे. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि जगातील लिप्यांना एका यादीत क्रमांक मिळू लागले. हे क्रमांक मोठे असल्याने त्यांच्या एका प्रचलित मांडणीत आपल्या लिपीतील प्रत्येक चिन्ह दोन बाइटांत लिहितात. दोन बाइट आले की क्रम आला.

'धारवाड' या नावात ध, काना, र, व, काना आणि ड अशी सहा चिन्हे आहेत. ध चा क्रमांक २३४३. त्याचे बाइट ९ आणि ३९. ते उलटले की ९,९९३ हा क्रमांक होतो आणि युनिकोडच्या यादीत त्या जागी टपालाच्या पाकिटाचे चित्र आहे. काना २,३६६ चा १५,८८१ होतो. ते एक चिनी चित्राक्षर आहे. र २,३५२ चा १२,२९७ होऊन टोकदार कंस बनतो. व २,३५७ चा १३,५७७ होतो, तेही चिनी अक्षर. ड २,३३७ चा ८,४५७ होतो आणि तेथे फॅरनहाइट अंशाचे चिन्ह दिसते. म्हणजे जिल्ह्याच्या नावाऐवजी पाकीट, चिनी अक्षर, कंस, पुन्हा दोन चिनी अक्षरे आणि शेवटी उष्णतामापकावरील खूण अशी मालिका पडद्यावर येईल. कानडी लिपीत लिहिलेल्या हुब्बळ्ळी या नावाचीही तीच गत होते. त्यातील पहिले ह हे अक्षर, क्रमांक ३,२५७, उलटले की ४७,३७२ होते व कोरियन लिपीतील एक अक्षर दिसू लागते.

यावर युनिकोडने एक सोपी तोड काढली आहे. फाइलीच्या अगदी आरंभी ६५,२७९ क्रमांकाचे, डोळ्यांना न दिसणारे एक चिन्ह ठेवावयाचे. त्याचे बाइट २५४ व २५५. वाचणाऱ्या यंत्राला ते ६५,२७९ असे दिसले तर क्रम जुळला. ६५,५३४ असे दिसले तर क्रम उलटा आहे, कारण ६५,५३४ हा क्रमांक कोणत्याही अक्षराला कधीही द्यावयाचा नाही असे ठरलेले आहे. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये आखलेल्या यूटीएफ-८ या मांडणीत तर हा प्रश्नच शिल्लक ठेवलेला नाही. तीत ध हे अक्षर सर्व यंत्रांवर २२४, १६४, १६७ अशाच क्रमाने तीन बाइटांत लिहिले जाते. आज बहुतेक मराठी व कानडी मजकूर याच मांडणीत असतो.

न दिसणारी चूक

पाकिटाचे चित्र किंवा १३४ कोटींचा आकडा पाहून कोणीही थबकेल. खरी भीती निराळीच आहे. समजा, पर्जन्यमापक यंत्राने दिवसाचा पाऊस मिलिमीटरच्या दशांशात मोजून दोन बाइटांत लिहिला. २५.८ मिलिमीटर पाऊस म्हणजे २५८, त्याचे बाइट १ आणि २. विरुद्ध क्रमाने वाचल्यास २ आणि १, म्हणजे ५१३; पाऊस ५१.३ मिलिमीटर. धारवाड जिल्ह्यात पावसाळ्यात एका दिवशी इतका पाऊस पडणे मुळीच अशक्य नाही. हा आकडा तक्त्यात बसतो, सरासरीत मिसळतो आणि कोणाचीही भुवई उंचावत नाही.

हवामानावर आधारित पीकविमा योजनेत नुकसानभरपाई पावसाच्या आकड्यावरून ठरते. कुंदगोळकडच्या एखाद्या मिरची उत्पादकाच्या वाट्याला २५ मिलिमीटर पाऊस आला आणि कागदोपत्री ५१ लागला, तर पिकाला पाणी पुरेसे मिळाले असा निष्कर्ष निघेल. वर दिलेले उदाहरण कल्पित आहे. परंतु गणित कल्पित नाही.

ही चूक सर्व आकड्यांत सारखी दिसत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. शून्य उलटले तरी शून्यच राहते. २५७ चे दोन्ही बाइट १ असल्याने तेही बदलत नाही. ५१४ आणि ७७१ यांचेही तसेच. उन्हाळ्यातील, सर्वच दिवस शून्य पावसाचे असलेल्या नोंदींवर नवे सॉफ्टवेअर तपासले तर ते निर्दोष ठरेल, आणि मृगाचा पहिला पाऊस पडला की चुकू लागेल.

यंत्रालाच विचारावे

सॉफ्टवेअर नव्या यंत्रावर बसविण्यापूर्वी त्याची जुळणी करावी लागते. या जुळणीत यंत्राचा बाइटक्रम कळणे आवश्यक असते. तो कसा ओळखावा?

यंत्राच्या नावावरून ओळखणे, ही पहिली व सर्वांत प्रचलित चूक होय. एमआयपीएस, आर्म आणि पॉवर हे प्रोसेसर दोन्ही क्रमांनी चालू शकतात. 'परम पद्म'मधील पॉवर प्रोसेसर थोरल्या क्रमाने चालत होता. आज लिनक्सवर चालणारी पॉवर यंत्रे बहुधा धाकट्या क्रमाने चालतात. नाव एकच, पण स्वभाव दोन. आडनावावरून माणसाची मातृभाषा ठरविणारा हुबळीत जसा फसतो, तसाच नावावरून यंत्राचा क्रम ठरविणाराही फसतो.

भरवशाचा मार्ग म्हणजे यंत्राकडूनच प्रयोग करून घेणे. चार बाइटांच्या घरात १,६९,०९,०६० ही संख्या ठेवावी. ही संख्या मुद्दाम निवडलेली आहे. तिचे थोरल्यापासून धाकट्यापर्यंतचे बाइट अनुक्रमे १, २, ३ आणि ४ असे आहेत. नंतर तीच चार घरे एकेक करून पाहावीत. १, २, ३, ४ असे दिसले तर थोरला क्रम. ४, ३, २, १ असे दिसले तर धाकटा. जुन्या पीडीपी-११ वर २, १, ४, ३ असे दिसले असते. केवळ १ ही संख्या ठेवून पहिले घर पाहण्याची रीतही आहे आणि ती पुष्कळ पुस्तकांत आढळते. परंतु तिने मिश्र क्रम आणि थोरला क्रम यांतील भेद कळत नाही. शाळेत हे दाखवावयाचे तर संगणकाचीही गरज नाही. चार मुलांच्या हाती १, ९, ५, ६ असे अंकांचे पुठ्ठे देऊन त्यांना दोन्ही क्रमांनी उभे करावे आणि वर्गाला वर्ष वाचावयास सांगावे.

हा प्रयोग हाताने करण्याऐवजी जुळणीची साधने आपोआप करतात. १९९१ मध्ये सुरू झालेल्या ऑटोकॉन्फ या साधनात यासाठी स्वतंत्र तपासणी आहे. ते आधी यंत्राच्या स्वतःच्या शीर्षफाइलींत बाइटक्रम नोंदविलेला आहे काय ते पाहते. तेथे उत्तर न मिळाल्यास वर सांगितल्यासारखा छोटा कार्यक्रम तयार करून चालविते आणि होय किंवा नाही असा निकाल देते. तो निकाल एका फाइलीत लिहिला जातो व सॉफ्टवेअरचे उरलेले भाग तो तेथून घेतात.

एका बाबतीत मात्र प्रयोग चालविताच येत नाही. घरातील इंटरनेट राउटरसारख्या छोट्या यंत्राचे सॉफ्टवेअर त्या यंत्रावर तयार होत नाही. ते मोठ्या संगणकावर तयार करून मग राउटरवर चढवितात. येथे प्रयोग चालविला तर तो मोठ्या संगणकाचा क्रम सांगेल, राउटरचा नव्हे. सोलापूरच्या मापाने हुबळीचा माल मोजण्यासारखे ते होईल. ऑटोकॉन्फने यावर काढलेली युक्ती खरोखर चतुर आहे. ते कार्यक्रमात दोन-दोन बाइटांच्या संख्यांच्या दोन ओळी ठेवते. पहिल्या ओळीतील संख्या थोरल्या क्रमाने लिहिल्या गेल्या तरच त्यांच्या बाइटांतून 'बिग एंडियन सिस' ही इंग्रजी अक्षरे तयार होतात. दुसरीतील संख्या धाकट्या क्रमाने लिहिल्या गेल्या तरच 'लिटल एंडियन' ही अक्षरे. उदाहरणार्थ, पहिल्या ओळीतील पहिली संख्या १६,९६९. तिचे बाइट ६६ आणि ७३, म्हणजे इंग्रजी बी आणि आय. कंपायलर राउटरसाठी म्हणून ही फाइल तयार करतो, पण ती कोणीच चालवीत नाही. ऑटोकॉन्फ फक्त त्या फाइलीत कोणते शब्द उमटले ते शोधते. न चालविताच उत्तर मिळते.

दोन्हींपैकी काहीच स्पष्टपणे सापडले नाही तर हे साधन अंदाज करीत नाही. ते थांबते आणि उत्तर माणसाकडून मागते. कित्येक कार्यालयीन प्रणालींनी हा धडा गिरविण्यासारखा आहे. अ‍ॅपल कंपनीने २००६ मध्ये पॉवर प्रोसेसर सोडून इंटेलकडे वळण्यास आरंभ केला, तेव्हा तर एकाच फेरीत दोन्ही जातींच्या यंत्रांसाठी कार्यक्रम तयार होऊ लागले आणि जुळणीच्या वेळी एकच उत्तर देणे अशक्य झाले. अशा वेळी ऑटोकॉन्फ निर्णय पुढे ढकलून कंपायलरवर सोपविते. अलीकडे कंपायलर स्वतःच बाइटक्रम जाहीर करू लागले आहेत; सी++ भाषेच्या २०२० च्या मानकात त्याची अधिकृत सोय झाली.

विचारण्याची गरजच पडू नये म्हणून

क्रम ओळखण्याच्या या सर्व रीती उपयोगी आहेतच. पण पुष्कळदा त्यांची गरज असू नये. फाइलीतील संख्या कोणत्या क्रमाने आहे हे ठरलेले असेल, तर वाचणाऱ्या कार्यक्रमाने एकेक बाइट उचलून पहिल्याला २५६ ने गुणावे व त्यात दुसरा मिळवावा. किंवा फाइलीचा क्रम धाकटा असल्यास उलट करावे. हा गुणाकार सर्व यंत्रांवर सारखाच होतो. आपले यंत्र कोणत्या पक्षाचे आहे, याची चौकशी उरतच नाही. रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये हेच आग्रहाने मांडले : यंत्राच्या क्रमापेक्षा माहितीच्या प्रवाहाचा क्रम महत्त्वाचा. यंत्राचा क्रम खरोखर जाणण्याची गरज कंपायलर लिहिणाऱ्यांना आणि यंत्रभागांशी थेट बोलणाऱ्यांना पडते; इतरांना क्वचितच.

इंटरनेटने हा मार्ग आरंभीच धरला. त्याच्या मूळ नियमांत तारेवरून जाणाऱ्या संख्या थोरल्या क्रमाने पाठवावयाच्या असे ठरले, आणि धाकट्या क्रमाची यंत्रेही तो पाळतात. कागदपत्रांच्या स्कॅन प्रतींसाठी १९८६ पासून वापरात असलेल्या टिफ या फाइलप्रकाराने दोन्ही क्रमांना मुभा दिली, पण खूण सक्तीची केली. फाइलीचे पहिले दोन बाइट इंग्रजी 'आय आय' असतील तर धाकटा क्रम, 'एम एम' असतील तर थोरला. दोन्ही अक्षरे एकच असल्यामुळे ती कोणत्याही बाजूने वाचली तरी बदलत नाहीत. त्यांच्यापाठोपाठ ४२ हा आकडा असतो, तो पडताळ्यासाठी.

नकाशांच्या शेपफाइलचे प्रकरण याहून विचित्र आहे. भूमापन आणि ग्रामनियोजनाच्या कामात ही फाइल सर्रास आढळते. तिच्या आरंभीचा ९,९९४ हा ओळखक्रमांक आणि फाइलीची लांबी थोरल्या क्रमाने लिहितात. लगेच पुढचा १,००० हा आवृत्तिक्रमांक आणि नकाशातील सर्व बिंदू धाकट्या क्रमाने. एकाच पानावर अर्धी ओळ कानडी रीतीने आणि अर्धी मराठी रीतीने सांगावी, तसा हा प्रकार. फाइलीचा आरंभ पाहून सगळ्या फाइलीचा क्रम ठरविणारा येथे पहिल्याच पानावर चुकतो. म्हणून अशी माहिती एका कार्यालयातून दुसरीकडे पाठविताना सोबतच्या पत्रात फाइलीचा प्रकार, त्याची आवृत्ती आणि बाइटक्रम ही तीन कलमे लिहिण्यास फारसे कष्ट पडत नाहीत.

आजची घरगुती व कार्यालयीन यंत्रे आणि बहुतेक सर्व भ्रमणध्वनी धाकट्या क्रमाने चालतात. त्यामुळे थोरल्या क्रमाचे यंत्र आता कोठेच नाही, असा समज नव्या प्रोग्रॅमरांमध्ये पसरत आहे. तो बरोबर नाही. आयबीएमची मोठी मेनफ्रेम यंत्रे अद्यापि थोरल्या क्रमाचीच आहेत आणि डेबियनसारख्या लिनक्स संचांची आवृत्ती त्यांच्यासाठीही तयार होते. तालुक्याच्या महाविद्यालयात असे यंत्र असण्याचा संभव नाही. परंतु क्यूएमू नावाचे विनामूल्य सॉफ्टवेअर साध्या संगणकातच त्या यंत्राची नक्कल उभी करते. वर सांगितलेला १,६९,०९,०६० चा छोटा कार्यक्रम नेहमीच्या संगणकावर चालविला की पडद्यावर ४, ३, २, १ उमटते. तोच कार्यक्रम मेनफ्रेमसाठी तयार करून त्याच टेबलावरच्या त्याच संगणकात क्यूएमूच्या आत चालविला की १, २, ३, ४.